चिंचखोरीवरचे तीन दिवे

आमच्या चिंचखोरीच्या आकाशात दिवे दिसू लागले, तेव्हा दोन दिवसांतच सगळ्या गावाला त्यांचा अर्थ कळला. दिवे कशाचे आहेत हे मात्र कुणाला कळलं नव्हतं, आणि कळावं अशी कुणाला निकडही नव्हती.

दिवे तीन होते. पूर्वेच्या डोंगराच्या वर, कुठेही न टेकता, अधांतरी. तांबडे. दोन एका ओळीत आणि एक जरा खाली. पेटायचे, विझायचे, पुन्हा पेटायचे. धुळीचा पडदा असला की दिसत नसत, हवा निवळली की दिसत. दुष्काळाचं साल होतं, दसरा होऊन गेला होता आणि दिवाळीच्या आधीचा अंधार सुरू झाला होता. त्या अंधारात ते तीन ठिपके चांगलेच उठून दिसत, हे मला मान्य आहे.

सुंदररावांना त्यांत त्रिशूळ दिसला. सुंदरराव म्हणजे आमच्या गावच्या उपसा जलसिंचन सहकारी संस्थेचे चेअरमन. तलावातून पाणी उचलून डोंगरावरच्या कोरडवाहू रानांत आणायचं, यासाठी ही संस्था निघाली होती. ती निघाली त्या वर्षी माझ्याकडे पहिलीत असलेली मुलं आता आपल्या मुलांना पहिलीत घालायला येतात. संस्थेचे पाइप आले, गायरानात रचले गेले, त्यांच्यासमोर नारळ फुटला, फोटो निघाला. तेवढं पाणी राहिलं. पाइपांत सरड्यांच्या कितीतरी पिढ्या नांदल्या, आणि दरवर्षी वार्षिक सभेत ‘काम प्रगतिपथावर आहे’ असा ठराव चहाच्या दुसऱ्या घोटाला मंजूर होत आला. यंदा मात्र लोकांचे घसे कोरडे होते आणि सभेत पाण्याचं विचारायचं, असं काहींनी ठरवलं होतं. नेमके त्याच आठवड्यात दिवे आले. सुंदररावांनी सभा पुढे ढकलली. म्हणाले, “देवीनं खूण दावलीय. आधी तिचं स्थान बांधू, मग पाणी आपोआप ईल.” गावाने मान डोलावली. वीस वर्षं पाइपांतून न आलेलं पाणी आता आभाळातून येणार होतं.

मुकादम पंडितला त्रिशूळ दिसला नाही, तीन डोळे दिसले. पंडित ऊसतोडीला माणसं नेतो. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, असे वीस-बावीस कोयते जमवायचे, ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या जोडायच्या आणि खाली कारखान्यांच्या मुलखात सहा महिन्यांसाठी निघायचं. त्याचं म्हणणं असं, की हे डोळे गावावर रोखलेले आहेत. “पोरीबाळी मागं ठेवू नका. संगं घ्या. नजर वाईट हाय.” पंडितला पोरीबाळींची एवढी काळजी मी आजवर पाहिली नव्हती. पण पोरगी बरोबर आली की फडावरच्या झोपडीत, कोपीवर, भाकरी होते, पाणी येतं, लहान भावंडं सांभाळली जातात आणि आई मोकळी होऊन जास्त मोळ्या बांधते, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

तालुक्याचा एक वार्ताहर येऊन गेला. मोटरसायकल बंद न करता त्याने चौघांना विचारलं आणि दुसऱ्या दिवशी उडत्या तबकड्यांचं सावट छापून आलं. त्यात माझ्या तोंडी एक वाक्य होतं. मी त्या दिवशी गावात नव्हतो, युसूफ वडगावच्या बाजाराला गेलो होतो.

मला या साऱ्याचं काही नव्हतं. मोठ्या माणसांना शिकवायचं मी केव्हाच सोडलं आहे. मी निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, तरी संध्याकाळी शाळेत जातो. आईबाप ऊसतोडीला गेले की मागे आजी-आजोबांजवळ राहिलेल्या मुलांना शाळेत दोन वेळचं जेवण मिळतं. जेवणाआधी दीड तास ती माझी. तो दीड तास एवढाच माझ्या दिवसाचा खरा भाग. पण दिवे त्या दीड तासापर्यंत येऊन पोचले.

बद्रीनाथ आला तेव्हा मी फळा पुसत होतो. बद्रीनाथ माझाच विद्यार्थी. भागाकारात नेहमी बाकी विसरायचा.

“गुरुजी,” दारातच उभा राहून तो म्हणाला, “अंजीचं नाव कमी करा औंदा.”

अंजना त्याची मुलगी. सातवीत. चुणचुणीत म्हणायची मुलं पुष्कळ असतात. हिची गोष्ट निराळी होती. सांगितलेलं ती लगेच मानत नसे. मी मुलांना एक शब्द शिकवतो, ‘कशावरून?’ बाकीची मुलं तो शब्द फक्त माझ्यासमोर वापरत. अंजना घरी वापरायची आणि आईच्या हातचा धपाटा खायची. दुसरीत असताना ती एक हंगाम आईबापांबरोबर गेली होती. परत आली तेव्हा भाकरी थापायला शिकली होती आणि वाचायला विसरली होती. वाचन परत आणायला मला दोन वर्षं लागली. त्यानंतर ती दर हंगामाला आजीजवळ, जानकीबाईजवळ, मागे राही.

“का रे बद्री?” मी विचारलं.

“दिवं बघितलं न्हाई का तुमी? समदा गाव म्हंतोय, पोरगी मागं ठिवू नका म्हून.”

“दिवे कशाचे आहेत?”

“ते कुणाला ठावं. पर हायेत ना! काल तर माज्या डोळ्यांदेखत लिंबाच्या शेंड्यावरून सरकत सरकत खाली आला एक.”

“आणि कशाचे ते कळलं तर?”

तो पायाच्या अंगठ्याने उंबऱ्याची माती उकरू लागला. “कळलं तर बघू.”

“बघू नको, सांग. दिवे कशाचे ते कळलं आणि त्यांत भीतीचं काही नसलं, तर पोरगी राहील?”

“ऱ्हाईल,” तो म्हणाला. मग जरा घाईने, “पर टॅक्टर वसुबारसंच्या आदल्या दिशी निघतोय.”

म्हणजे हातात पाच दिवस होते.

दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर लिहिलं, ‘हे काय असू शकेल?’ मुलं सांगत गेली, मी लिहीत गेलो. विमान. तारे. मोबाइलचा टॉवर. कुणी डोंगरावर शेकोटी पेटवतंय. परळीच्या चिमण्या. भूत. भूतसुद्धा लिहिलं. मुलाने सांगितलेली गोष्ट तपासल्याशिवाय खोडायची नसते.

मग एकेक खोडू लागलो. शेकोटी अशी ठरावीक वेळाने विझत-पेटत नाही, ती गेली. त्या डोंगरावर टॉवर नाही, हे गुरं चारणाऱ्या मुलांनीच सांगितलं. परळीच्या चिमण्या मी स्वतः खोडल्या. कारण सगळ्यांना माहीत होतं. पाणी नाही म्हणून परळीचं वीज केंद्र उन्हाळ्यापासून बंद होतं. राखेच्या गाड्या बंद, तिथे कामाला जाणारी आमची चार पोरं घरी. “बंद पडलेल्या ठिकाणी दिवे कोण लावेल?” असं मी म्हणालो आणि डस्टर फिरवलं. खाली सबंध वर्ग बसला होता, पण ‘कशावरून?’ कुणी विचारलं नाही. शब्द शिकवणाऱ्यालाच तो विचारायचा असतो, हे शिकवायचं माझं राहून गेलं होतं.

“उरलं काय? विमान, तारे आणि भूत,” मी म्हणालो. “आता हे हलतात की नाही ते बघू. विमान हलतं. तारेही हलतात.”

“आन् भूत?” एकाने विचारलं.

“त्याचं आपल्याला माहीत नाही. ते शेवटी ठेवू.”

अंजना बापाला दादा म्हणायची. म्हणाली, “दादा म्हंत्यात दिवा सरकला. मी बी बघत होते, मला बी सरकल्यावानी वाटलं. पर आजी म्हंती न्हाई सरकला. मग खरं कुणाचं?”

मी तिला सांगितलं, की काळ्या अंधारात एकच ठिपका टक लावून पाहिला तर तो हलल्यासारखा वाटतो. डोळाच हलत असतो, पण डोळ्याला ते कळत नाही. म्हणून डोळ्यावर भरवसा ठेवायचा नाही, डोळ्याला कशात तरी बांधून घालायचं.

“कशात?”

तिथे मला संस्थेचे पाइप आठवले.

गायरानातल्या ढिगातून आम्ही अडीच इंची एक पाइप ओढून काढला. आतला सरडा रागाने निघून गेला. करवतीने पाइप मधोमध कापला आणि दहा-दहा फुटांच्या दोन नळ्या खांद्यावर घेऊन मुलांची मिरवणूक शाळेकडे निघाली. वाटेत संस्थेच्या कचेरीपाशी सुंदरराव उभे होते.

“गुरुजी, संस्थेची मालमत्ता हाय ती!”

“हो ना, सुंदरराव. वीस वर्षांत पहिल्यांदाच वापरात येतेय. प्रोसिडिंगला नोंद करा.”

“देवीची परीक्षा घ्यायला निघालाव व्हय पोरं घिऊन?”

“परीक्षा मुलांची आहे,” मी म्हणालो. “देवी नापास व्हायची नाही, काळजी करू नका.”

शाळेच्या अंगणात पाण्याचा हौद आहे, म्हणजे हौद आहे, पाणी नाही. त्याच्या कठड्यावर आम्ही दोन्ही नळ्या ठेवल्या. माती कालवून बसवायला पाणी कुठलं! मुलांनी दगडाच्या चिपा खाली-बाजूला ठोकून त्या पक्क्या केल्या. अंधार पडला, हवा निवळली, आठच्या सुमाराला दिवे दिसू लागले. पहिली नळी आम्ही मधल्या दिव्यावर धरली. अर्धा तास खटपट करून तो बरोबर मध्ये आणला. दुसरी नळी कृत्तिकांच्या झुबक्यावर लावली. मग मुलांना ओळीने उभं केलं आणि सांगितलं, डोळा लावायचा, हात लावायचा नाही.

बघता बघता गावही जमलं. ज्यांना दिव्यांची भीती वाटत होती, तेच सर्वांत पुढे होते. पंडित तोंडात तंबाखू धरून म्हणाला, “गुरुजी, देवीला नळीतून बघाया लागले तुमी! उद्या तिची हजेरी बी घ्या!”

“घेईन. रोज हजर असते ती, तुझ्यासारखी नाही. चौथीत किती दिवस आला होतास?”

लोक हसले. पंडित थुंकायला बाजूला गेला.

पाच मिनिटांत दुसऱ्या नळीजवळचा मुलगा ओरडला, “गुरुजी, कृत्तिका गेल्या!” खरंच नळीत नुसतं काळं आभाळ होतं. पुन्हा लावली, पुन्हा पाच मिनिटांत रिकामी. पहिल्या नळीतला तांबडा दिवा मात्र होता तिथेच. पाव तास, अर्धा तास, एक तास. पेटायचा, विझायचा, पण जागा सोडेना.

बद्रीनाथनेही डोळा लावला. बराच वेळ लावला. “न्हाई सरकत,” तो म्हणाला. आवाजात आनंद नव्हता. तेव्हा मला ते लक्षात आलं नाही.

“म्हणजे काय झालं?” मी मुलांना विचारलं.

“चांदण्या चालत्यात,” अंजना म्हणाली. “ह्यो बसलाय. मग आभाळातला न्हाई ह्यो. जमिनीवरच उभा हाय कशावर तरी.”

“शाबास. कशावर?”

ती नळी सोडून कठड्याला टेकली आणि नुसत्या डोळ्यांनी पूर्वेकडे बघत राहिली. मुलं विचार करत असली की मध्ये बोलू नये. मोठी माणसं तिथेच घाण करतात. इथेही चार जणांनी चार उत्तरं ओरडून सांगितली, मी हात वर करून त्यांना गप्प केलं.

“गुरुजी,” ती म्हणाली, “पयला उजेड कुठं गेला?”

“कुठला गं?”

“तिकडंच असायचा की. डोंगराच्या मागं, भुरका भुरका. मी आन् आजी वट्ट्यावर बसायचो तवा आजी म्हणायची, त्यो बग परळीचा उजेड. आता न्हाई त्यो.”

सगळे तिकडे बघू लागले. मीही. जन्मभर त्या दिशेला तो भुरका उजेड आम्ही पाहिला होता. चिमण्यांचा धूर आणि त्याच्यावर खालून पडणारा केंद्राचा प्रकाश. तो गेला होता. किती दिवसांपूर्वी गेला, तेही कुणाला सांगता येईना. नवे तीन ठिपके आले ते साऱ्या गावाने पाहिलं. अर्धं आभाळ भरणारा उजेड नाहीसा झाला, ते एकाही शहाण्याने पाहिलं नव्हतं.

“आन् गुरुजी,” अंजना म्हणाली, “बंद पडली म्हंजी चिमण्या खाली काढून ठिवत्यात का?”

मला हसूही आलं आणि तोंड लपवावंसंही वाटलं. चिमणी बंद पडते म्हणजे धूर बंद पडतो. चिमणी उभीच असते. आणि उभी आहे तोवर विमान तिच्यावर आदळू नये म्हणून तिच्या डोक्यावर तांबडा दिवा लावावाच लागतो. ते दिवे पूर्वीही होते. आधी उजळलेल्या धुरात ते बुडून जायचे आणि उन्हाळ्यापासून आजवर धुळीत, एवढंच. फळ्यावरून योग्य उत्तर कुणी पुसलं असेल, तर ते मी. मी ते मुलांना तिथल्या तिथे सांगितलं. मुलांना त्याचा फार आनंद झाला.

“पण हा अजून अंदाज आहे,” मी म्हणालो. “अंदाज माझा असो की चेअरमनसाहेबांचा, तो तपासायचा. नळी हलवायची नाही. सकाळी उजाडताना हिच्यातूनच बघायचं.”

“रातीतून कुणी हलवली तर?” अंजनाने पंडितकडे बघत विचारलं.

 अंजनाची आजी जानकीबाई पुढे आली, आपली वाकळ हौदाच्या कडेला टाकली आणि म्हणाली, “मी झोपते हितं. उशाला इळा हाय. ज्याला नळी हलवायची त्यानं बिनघोर यावं.”

कुणी आलं नाही.

सकाळी टँकर यायची वेळ होती, त्यामुळे ड्रम-घागरी घेऊन सगळं गाव शाळेपुढच्या रस्त्यावर होतंच. तांबडं फुटत होतं. दिवसा त्या दिशेला नुसती धूळ असते, पण उजाडतानाची दहा मिनिटं डोंगराच्या मागचं आभाळ स्वच्छ असतं. अंजनाने पहिला डोळा लावला. मग बाजूला होऊन बापाला म्हणाली, “दादा, बघा.”

बद्रीनाथ वाकला. नळीच्या तोंडाशी, बरोबर मध्ये, डोंगराच्या कडेतून वर आलेली एक काळी सरळ रेघ होती आणि तिच्या टोकाला, उजेडात फिका पडत चाललेला, रात्रीचाच दिवा मिचकत होता.

“चिमणी हाय,” तो म्हणाला. “परळीची. म्या दोन वर्सं तिच्या बुडाला इटा वाहिल्यात.”

मग रांग लागली. पाण्याची रांग मोडून लोक नळीच्या रांगेत आले. प्रत्येक जण वाकून बघायचा आणि उठताना असं तोंड करायचा, की आपल्याला हे आधीपासून ठाऊक होतं. पंडितने बघितलं आणि म्हणाला, “बंद पडल्याल्या कारखान्याला लाईट कशापायी लावत्यात? न्हाई पटत.”

“का न्हाई?” अंजना म्हणाली. “संस्था बंद हाय, तरी तिच्या बोर्डावर बल्ब रातभर असतोयच की.”

हे ती चेष्टेने म्हणाली नव्हती. उदाहरण दिलं होतं. म्हणूनच लोक इतके हसले. सुंदरराव मात्र गडबडले नाहीत. वीस वर्षं सभा चालवलेला माणूस गडबडत नसतो. ते नळीतून बघून शांतपणे उठले आणि म्हणाले, “बरं मग? देवीनं चिमनीवर प्रगट व्हायचं ठरिवलं असंल, तर तिला आडवणारे तुमी-आमी कोन?” आणि त्यांच्याभोवतीच्या आठ-दहा माना हलल्या. उत्तर समोर उभं असतानाही ज्यांना ते नको असतं, त्यांच्यासाठी फळा आणि खडू वाया घालवू नये.

मी बद्रीनाथकडे वळलो. “मग? अंजना राहतेय ना?”

 त्याची बायको मंजुळाबाई घागर खाली ठेवून उभी होती, कडेवर तीन वर्षांचा भारत.

“न्हाई गुरुजी,” बद्रीनाथ म्हणाला. “दिव्याचं कळलं. पर पोरगी येनारच.”

“शब्द दिला होतास.”

“दिलता.”

“मग हे सगळं कशाला केलं रे आम्ही?” माझा आवाज चढला. मुलांवर मी कधी आवाज चढवला नाही. ते माझे विद्यार्थी होते आणि हाही होता.

जानकीबाईने वाकळ झटकता झटकता सुनेकडे पाहिलं. “दिवं होते तवर दिव्याचं नाव सांगितलं. आता दिवं बी गेले. आता खरं काय ते बोला.”

मंजुळाबाई बोलली, पण माझ्याकडे न बघता. “मागल्या हंगामाला टराली मागं घेताना ह्यो चाकाखाली जाता जाता ऱ्हायला. इतभर अंतर ऱ्हायलं व्हतं. मी मोळी बांधीत व्हते. मला काय मागं डोळे हायेत का? औंदा ह्याला बघायला कुणी पायजे. अंजी संगं आली तरच माजा जीव ऱ्हाईल.”

“मग पहिल्या दिवशी हेच का सांगितलं नाही?”

“काय सांगायचं?” बद्रीनाथ म्हणाला. “पोरगं सांबाळायला पोरगी शाळंतून काढतो म्हून? तुमी काय म्हनला असता ते ठावं व्हतं. दिवं बरे पडले.”

इथे माझी मान खाली गेली. सुंदररावांना दिवे सोयीचे होते, पंडितला सोयीचे होते, ते मला लगेच दिसलं. माझा विद्यार्थीही त्यांच्याच आडोशाला उभा होता, ते दिसलं नाही. आकाशातल्या ठिपक्याला मी दोन दिवस दिले. समोरच्या माणसाला ‘आणखी काही आहे का रे?’ एवढं विचारायलाही पाच मिनिटं दिली नव्हती.

“भारतला इथेच ठेव,” मी म्हणालो.

“आत्याबाईला एवढं पानी, एवढं पोरगं झेपंल का?” सासूकडे बघत मंजुळाबाई म्हणाली. “आन् अंजी शाळंत गेल्यावर ह्यो कुटं?”

“शाळेत. संध्याकाळी माझ्याजवळ. सकाळच्या मास्तरांशी मी बोलतो. मागे बसून राहील. हगला-मुतला तर धुऊ.”

“धुवाया पानी?” जानकीबाईने विचारलं.

“माझ्या घरचा एक हंडा रोज शाळेत येईल.”

पंडित पुढे आला. “बे बद्र्या, पोरगी धरून ठरल्यालं हाय आपलं. कोपीवर सैपाकाला कोन?”

बद्रीनाथने पहिल्यांदा मान वर केली. “तुज्याशी कोयता ठरला, पंडित. कोयता म्हंजी मी आन् ही. पोरगी त्यात कवा आली?”

“न्हाई जमायचं मग.”

“नसंल जमत तर सांग. मांजरसुंब्याच्या नाक्याला उभा ऱ्हातो, तोडीच्या धा टोळ्या जात्यात तिथनं.”

पंडितने एक कोयता कमी करायचा विचार केला असावा आणि तो त्याला परवडला नसावा. तो तंबाखू मळायला लागला.

पण खरा निर्णय त्या दोघांपैकी कुणाचाच नव्हता. मंजुळाबाई बराच वेळ भारतच्या केसांतली धूळ झटकत राहिली. सहा महिने. तीन वर्षांचं पोर सहा महिन्यांत आई विसरत नाही, पण आधी आजीकडे जायला शिकतं, हे तिला आम्हा सर्वांहून जास्त कळत होतं. शेवटी तिने त्याला अंजनाच्या कडेवर दिलं आणि घागर उचलली. टँकर आला होता.

वसुबारसेच्या आदल्या दिवशी ट्रॅक्टर गेला. ट्रॉलीत चुली, पत्रे, शेळ्या, माणसं. मंजुळाबाई पाठमोरी बसली होती आणि वळणापर्यंत तिने मागे पाहिलं नाही. भारत रडला नाही. तो हौदाच्या कठड्यावर चढून नळीत दगड घालत होता.

त्या हंगामात तो रोज वर्गात आला. पहिले आठ दिवस त्याने मला पाढेच म्हणू दिले नाहीत. नंतर दोनचा पाढा तो दहापर्यंत म्हणू लागला, अर्थात अर्थ न कळता, पण आमच्या गावात पाढ्यांखेरीजही बरंच काही अर्थ न कळता म्हटलं जातं. अंजनाने वार्षिक परीक्षा दिली. भागाकारात बाकी विसरली नाही.

पुढच्या पावसाळ्यात पाऊस झाला. परळीचं केंद्र पुन्हा सुरू झालं, धूर निघू लागला, डोंगरामागचा भुरका उजेड परत आला आणि त्यात ते तीन ठिपके बुडून दिसेनासे झाले. अंजनाने संध्याकाळी येऊन मला सांगितलं, “गुरुजी, पयला उजेड आला.” ही बातमी गावात फक्त तिच्या लक्षात आली होती.

दिवे गेले, एवढंच गावाच्या लक्षात आलं. गायरानात पाइपांच्या ढिगाशेजारी सुंदररावांनी देवीचं स्थान बांधलं होतंच. तिथे आता संगमरवरी पाटी बसली. चेअरमन सुंदररावांनी केलेल्या शांतीने देवी प्रसन्न झाली आणि दिवे अंतर्धान पावले, असा मजकूर. पाटीवर बल्बही लावला, रात्रभर चालणारा. उद्‌घाटनाला सगळे आले. ज्यांनी नळीतून स्वतःच्या डोळ्यांनी चिमणी बघितली होती, तेही आले, हात जोडून. बद्रीनाथ, मंजुळाबाईही होते. हंगाम संपवून परतले होते. भारत बापाच्या खांद्यावर बसला होता.

सुंदररावांनी पाटी वाचून दाखवली. टाळ्या झाल्या. टाळ्या थांबल्यावर वरून, खणखणीत आवाजात, भारतने विचारलं, “कशावरून?”

त्याला तो शब्द कुणी शिकवला, हे मला सांगायला नको. काही लोक हसले, काहींनी बद्रीनाथकडे डोळे वटारले. सुंदररावांनी मोठ्या प्रेमाने पुढे होऊन त्याच्या हातावर पेढा ठेवला.

भारतने पेढा सावकाश खाल्ला, बोटं चाटली आणि पुन्हा विचारलं.